नांव राहील काय?

मनुष्याला आपल्या नांवाची जितकी काळजी असते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची असेल. घराच्या दारावर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर, शेताच्या सातबाऱ्यावर, फार काय, वर्गांतील बांकावर कर्कटकानें कोरून कां होईना, तें कोठें तरी राहावें अशी त्याची धडपड चालते. व्यापारी मंडळींचें तर बरेंचसें भांडवल नांवांतच असतें. दुकान जळालें तर पुन्हां बांधतां येतें, माल बुडाला तर पुन्हां भरतां येतो. पण “त्या दुकानांत जाऊं नका” असें गांवांत एकदां झालें म्हणजे मग पेढीवरचा दिवा फार दिवस तेवत नाहीं. असेंच एक जगप्रसिद्ध नांव गेलीं कांहीं वर्षें डळमळूं लागलें आहे, व त्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें आहे. तें नांव म्हणजे एक्सबॉक्स.

शाळेच्या वार्षिकांत व्हिडिओ गेमच्या यंत्राला जागा कशी मिळाली, असें कित्येक पालकांस वाटेल. मी इतिहासाचा शिक्षक. राज्यें कशीं उदयास येतात व कशीं लयास जातात हें सांगण्यांत माझी वीस वर्षें गेलीं. तथापि दिवाळीनंतर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तास संपल्यावर मागें थांबला आणि हळूच म्हणाला, “सर, एक्सबॉक्स बंद पडणार काय?” प्रश्न करमणुकीचा नव्हता. त्याच्या आईनें भिशीच्या पाळींतून कांहीं रक्कम त्याच्यासाठीं बाजूस ठेविली होती, मामानें कांहीं दिली होती, आणि शिष्यवृत्तीची रक्कम त्यानें स्वतः जपून ठेविली होती. वडिलांचें म्हणणें असें कीं, बुडत्या जहाजाचें तिकीट कशाला काढावयाचें? टेम्पो चालवून संसार हांकणाऱ्या गृहस्थाचा हा प्रश्न मला अगदीं रास्त वाटला. त्याचें उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखें नव्हतें. म्हणून ह्या व्यवसायाचा इतिहास मीं सवडीनें वाचून काढला. तोच येथें सांगत आहें.

ज्या पालकांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण हवें. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडावयाची एक पेटी. तिचें अंतरंग संगणकाचेंच असतें, पण तिचें मुख्य काम खेळ चालविणें हें होय. ह्या धंद्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. पेटी बनविणारी कंपनी पुष्कळदां ती पेटी अगदीं थोड्या नफ्यानें, कधीं कधीं तर तोटा सोसूनही विकते. तिची खरी कमाई पुढें सुरू होते. त्या पेटीवर चालणारा खेळ कोणीही बनविलेला असो, तो विकला गेला कीं किंमतींतील कांहीं हिस्सा पेटीच्या मालकाकडे जातो. त्यामुळें ह्या व्यापारांत तीन पक्ष एकमेकांवर विसंबून असतात. गिऱ्हाईक पेटी घेतें तें पुढील सहासात वर्षें तिच्यावर नवे खेळ येत राहतील ह्या भरंवशावर. खेळ रचणारे वर्षानुवर्षें खपून खेळ तयार करितात ते पेटी घेणारे पुष्कळ असतील ह्या भरंवशावर. दुकानदार माल भरतो तो ह्या दोघांच्या भरंवशावर. पेटीवर जें नांव छापलेलें असतें तें ह्या तिघांस दिलेलें वचनच असतें, असें म्हटलें तरी चालेल.

नांव आणि वस्तु ह्या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें मला माझ्या बालपणींच्या एका आठवणीवरून कळलें. १९९० नंतरच्या दशकांत आमच्या गांवांत दोनच घरीं असें यंत्र होतें. आम्ही त्याला नुसतें ‘टीव्ही गेम’ म्हणत असूं. खेळाची पिवळी कॅसेट खोबणींत नीट बसली नाहीं तर ती काढून तिच्यांत फुंकर मारावयाची व पुन्हां बसवावयाची, हें शास्त्र लहानथोर सर्वांस अवगत होतें. उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही आठदहा मुलें ओळीनें बसून पाळीपाळीनें मारिओला विटांवर डोकें आपटावयास लावीत असूं. पुढें कॉलेजांत गेल्यावर समजलें कीं, ती पेटी जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या यंत्राची नक्कल होती, आणि आमच्या त्या आनंदापोटीं निन्टेंडोला एक छदामही मिळाला नव्हता. आम्हांस मारिओ भावासारखा ठाऊक होता. निन्टेंडो हें नांव कानांवर देखील आलें नव्हतें. मुलांचें प्रेम खेळावर जडतें. नांवावर विश्वास बसावयास मात्र कोणी तरी दिलेला शब्द पाळावा लागतो.

आतां जुन्या नांवांकडे वळूं. ह्या धंद्यांतील पहिलें मोठें नांव अटारी. १९७२ सालीं नोलन बुशनेल व टेड डॅबनी ह्या दोघांनीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत ही कंपनी काढली. १९७६ सालीं वॉर्नर ह्या बड्या कंपनीनें ती २ कोटि ८० लक्ष डॉलरांस विकत घेतली. पुढच्याच वर्षीं तिची घरगुती पेटी बाजारांत आली, आणि थोड्याच काळांत अटारी म्हणजेच व्हिडिओ गेम असें समीकरण अमेरिकन घरांत होऊन बसलें. परंतु खेळ रचणाऱ्या कारागिरांचीं नांवें खेळावर छापावयाचीं नाहींत असा मालकांचा दंडक होता. वॉरन रॉबिनेट नांवाच्या एका कारागिरानें ‘ॲडव्हेंचर’ ह्या खेळांत एक गुप्त खोली रचली आणि तींत आपलें नांव लपवून ठेविलें. हें वाचून मला बांकावर कोरलेल्या नांवांची आठवण झाली. दुसरे चौघे कुशल कारागीर आपल्या कामाचें श्रेय मिळत नाहीं म्हणून १९७९ सालीं बाहेर पडले, व त्यांच्या उद्योगांतून ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गांठ पडणार आहे.

अटारीच्या पेटीवर चालणारे बरे वाईट खेळ मग कोणीही काढूं लागला. खुद्द अटारीनें १९८२ सालीं ‘ई. टी.’ ह्या गाजलेल्या चित्रपटावरील खेळ नाताळचा बाजार गांठण्यासाठीं सुमारें पांच आठवड्यांत उरकला. खेळ फसला, दुकानांतून परत आला, आणि १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत न खपलेल्या मालाचे ट्रक रिते करण्यांत आले. ही केवळ दंतकथा असावी असें पुष्कळांस वाटे. पण २०१४ सालीं तेथें खोदकाम केलें तेव्हां त्या कॅसेटी खरोखरच वर आल्या. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला आणि अमेरिकेंतील हा सारा धंदाच कोसळला. १९८३ ह्या एका वर्षांत अटारीला ५० कोटि डॉलरांहून अधिक तोटा आला, व दुसऱ्या वर्षीं कंपनीचे तुकडे करून ती विकावी लागली. नांव मात्र मेलें नाहीं. तें ह्या हातांतून त्या हातांत फिरत अखेर एका फ्रेंच कंपनीकडे गेलें. जुन्या वाड्याचा दरवाजा दुसऱ्याच इमारतीला बसवावा तशी त्या नांवाची स्थिति झाली.

सेगाची कथा अधिक करुण आहे. ही जपानी कंपनी एके काळीं अमेरिकेंत निन्टेंडोच्या तोडीस तोड होती. सॉनिक नांवाचा तिचा निळा, वाऱ्यासारखा धांवणारा प्राणी मुलांच्या वह्यांवर जाऊन बसला होता. १९९४ च्या अखेरीस तिनें आपल्या जुन्या पेटीला जोडावयाचें ३२एक्स नांवाचें उपकरण विकावयास काढलें, आणि लोक तें घेतात न घेतात तोंच सॅटर्न ही निराळीच नवी पेटी पुढें केली. ज्यांनीं जोडणी घेतली होती त्यांचे पैसे बहुतेक पाण्यांत गेले. सॅटर्न अमेरिकेंत सप्टेंबर १९९५ मध्यें मिळेल असें आधीं सांगितलें होतें. परंतु मे महिन्यांतील प्रदर्शनांतच सेगानें अकस्मात् जाहीर केलें कीं, पेटी आजपासून कांहीं निवडक दुकानांत ३९९ डॉलरांस मिळेल. खेळ रचणाऱ्यांचे खेळ अर्धवट होते; वगळलेले दुकानदार संतापले. त्याच प्रदर्शनांत सोनीचा एक अधिकारी व्यासपीठावर आला, ‘२९९’ एवढा आंकडा उच्चारला, आणि खालीं उतरला. गिऱ्हाईक, कारागीर आणि दुकानदार ह्या तिन्ही पक्षांचा भरंवसा सेगानें अशा रीतीनें थोड्याच महिन्यांत गमावला.

पुढें सेगानें ड्रीमकास्ट ही पेटी काढली. जपानांत नोव्हेंबर १९९८ मध्यें व अमेरिकेंत ९ सप्टेंबर १९९९ रोजीं. पेटी उत्तम होती. इंटरनेटला जोडण्याची सोय तिच्यांत मुळांतच होती, आणि तिच्यावरचे खेळ आजही जाणते लोक नांवाजतात. परंतु लोक आतां पेटीकडे पाहण्याआधीं नांवाकडे पाहूं लागले होते, आणि सोनीचा दुसरा प्लेस्टेशन येऊं घातला होता. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा ह्यांनीं मृत्युपूर्वीं आपल्या मालकीचे सुमारें ६९.५ कोटि डॉलर किंमतीचे शेअर कंपनीस देऊन टाकले. एवढें औदार्य व्यापाराच्या इतिहासांत विरळाच सांपडेल. त्यानें कंपनी तगली, पण पेटी तगली नाहीं. ३१ जानेवारी २००१ रोजीं सेगानें पेट्या बनविणें सोडल्याचें जाहीर केलें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सॉनिक निन्टेंडोच्या, म्हणजे आपल्या जन्माच्या प्रतिस्पर्ध्याच्या, पेटीवर धांवूं लागला. सेगा हें नांव आजही आहे. परंतु भाड्याच्या घरांत.

पडलेलें नांव पुन्हां उभें राहतच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. निन्टेंडो ही कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत पत्ते बनविण्यासाठीं निघाली, म्हणजे आपल्याकडील कित्येक शाळांहून ती जुनी आहे. तिची २०१२ सालची वी यू ही पेटी साफ पडली. साऱ्या आयुष्यांत ती १ कोटि ३६ लक्षांच्या आंतच खपली, जेव्हां तिच्या आधींची वी १० कोटींवर गेली होती. त्या वेळीं कंपनीचे प्रमुख सातोरू इवाता ह्यांनीं २०१४ सालीं पांच महिने स्वतःचें वेतन निम्म्यावर आणलें, आणि ताळेबंद बरा दिसावा म्हणून माणसें कमी करण्यास विरोध केला. डोक्यावर टांगती तलवार असलेल्या माणसाच्या हातून लोकांना रिझविणारें काम होत नाहीं, असा त्यांचा विचार होता. अर्थात् वेतन कापल्यानें कांहीं पेट्या खपत नाहींत. कारागीर टिकले, त्यांनीं चुकलेल्या यंत्राचा अभ्यास केला, आणि टीव्हीवरही चालेल व हातांत घेऊन प्रवासांतही खेळतां येईल अशी स्विच ही पेटी मार्च २०१७ मध्यें आणली. ती १५ कोटींहून अधिक खपली. हें यश पाहावयास इवाता राहिले नव्हते. जुलै २०१५ मध्यें ते वारले होते.

ह्या तीन कथा समोर ठेवून आतां एक्सबॉक्सकडे पाहूं. मायक्रोसॉफ्टनें ही पेटी १५ नोव्हेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत आणली, सेगानें मैदान सोडलें त्याच वर्षीं. पहिल्याच दिवशीं तिच्याबरोबर ‘हेलो’ हा खेळ आला, आणि ज्यास तो खेळावयाचा असेल त्यानें एक्सबॉक्स घ्यावा, असें सरळ गणित झालें. दुसरी पेटी, एक्सबॉक्स ३६०, २००५ सालीं निघाली व सप्टेंबर २००६ मध्यें भारतांत आली. हिच्यांत एक मोठा दोष होता. आंतील उष्णतेनें यंत्र बिघडे, समोर तीन तांबडे दिवे लागत, आणि पेटी निर्जीव होई. तक्रारींचा ओघ लागला. तेव्हां जुलै २००७ मध्यें कंपनीनें त्या दोषापुरती हमी तीन वर्षांची केली, आणि दुरुस्तीसाठीं १०० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढली. माझ्या मतें एक्सबॉक्सच्या चरित्रांतील हा सर्वांत मानाचा प्रसंग होय. दोष कंपनीचाच होता खरा. पण तो तिनें पदरीं घेतला, आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथीं मारला नाहीं. ती पेटी पुढें ८ कोटींहून अधिक खपली व सोनीच्या बरोबरीनें उभी राहिली.

अशी जमविलेली पुण्याई २०१३ सालीं थोड्या दिवसांत खर्ची पडली. मे महिन्यांत तिसरी पेटी जाहीर झाली तेव्हां असे नियम सांगण्यांत आले कीं, यंत्रानें चोवीस तासांतून एकदां इंटरनेटवर हजेरी दिली पाहिजे, आणि एकानें घेतलेला खेळ दुसऱ्यास देण्यावर वा विकण्यावर निर्बंध राहतील. पुस्तक विकत घेतल्यावर तें मित्रास वाचावयास देण्यापूर्वीं प्रकाशकाची परवानगी काढावी लागली तर आपणांस कसें वाटेल? जगभर गिल्ला झाला. १९ जून रोजीं कंपनीनें नियम मागें घेतले, पण सोनीची पेटी ३९९ डॉलरांस आणि हिची ४९९ डॉलरांस, ही तफावत राहिलीच. २०१५ पासून तर कंपनीनें आपल्या पेट्या किती खपल्या हा आंकडा सांगण्याचेंच सोडून दिलें. परीक्षेचा निकाल घरीं न दाखविणाऱ्या मुलाविषयीं बाप जो तर्क करितो तोच लोकांनीं केला.

ह्यानंतर कंपनीनें दोन उपाय योजिले. पहिला वर्गणीचा. जून २०१७ मध्यें गेम पास ही योजना निघाली. ग्रंथालयाप्रमाणें महिन्याची वर्गणी भरावी आणि शेंकडों खेळांपैकीं हवे ते खेळावे. मध्यम स्थितींतील घरांना ही मोठीच सोय होती. दुसरा उपाय खरेदीचा. २०१४ सालीं ‘माइनक्राफ्ट’ बनविणारी कंपनी २५० कोटि डॉलरांस घेतली होतीच. २०२१ मध्यें झेनिमॅक्स ही ७५० कोटि डॉलरांस आली. आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं ६,८७० कोटि डॉलरांच्या ठरावानें कोणती कंपनी घेतली म्हणतां? ॲक्टिव्हिजन! ज्या कारागिरांना अटारीनें पाटीवर नांव लावूं दिलें नाहीं, त्यांनीं लाविलेल्या रोपाचा वृक्ष होऊन चव्वेचाळीस वर्षांनंतर व्हिडिओ गेमच्या धंद्यांतील तोंवरच्या सर्वांत मोठ्या खरेदीचा विषय झाला.

परंतु एवढी संपत्ति ओतूनही नांव सांवरलें नाहीं. खरेदीनंतर तीनच महिन्यांनीं, जानेवारी २०२४ मध्यें, खेळ विभागांतील १,९०० माणसें कमी करण्यांत आलीं. मे महिन्यांत टँगो गेमवर्क्स ही जपानी शाखा बंद करण्याचा निर्णय झाला. तिचा ‘हाय-फाय रश’ हा खेळ आदल्याच वर्षीं सर्वत्र वाखाणला गेला होता. पुढें एका कोरियन कंपनीनें ती शाखा आपल्याकडे घेतली. जुलै २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें सुमारें ९,००० माणसांना निरोप दिला. त्यांत खेळ विभागाचेही पुष्कळ होते, आणि अनेक वर्षें रचीत आणलेले खेळ अर्ध्यावर सोडण्यांत आले. इकडे पेटीची किंमत काळाबरोबर उतरावी ही ह्या धंद्याची जुनी चाल; पण २०२० सालीं ४९९ डॉलरांस निघालेली एक्सबॉक्स सिरीज एक्स अमेरिकेंत २०२५ च्या ऑक्टोबरांत ६४९ डॉलरांवर गेली. त्याच महिन्यांत गेम पासची वरच्या वर्गाची मासिक वर्गणीही १९.९९ डॉलरांवरून २९.९९ करण्यांत आली. त्या वर्षाच्या जुलै ते सप्टेंबर ह्या तिमाहींत यंत्रविक्रीचें उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानानें २९ टक्क्यांनीं घटलें.

ह्याहून अर्थपूर्ण गोष्ट निराळीच आहे. २०२४ पासून एक्सबॉक्सचे स्वतःचे खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या पेट्यांवर जाऊं लागले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें खुद्द ‘हेलो’ची नवी आवृत्ति प्लेस्टेशनवर येणार असें जाहीर झालें. नोव्हेंबर २०२४ मध्यें कंपनीनें जाहिराती काढल्या त्यांत फोन, टीव्ही, लॅपटॉप अशा वस्तु दाखवून, हाही एक्सबॉक्सच, असें सांगितलें होतें. त्यांतील युक्तिवाद समजण्यासारखा आहे. खेळ इंटरनेटवरून कोणत्याही पडद्यावर खेळतां आला तर पेटीचा आग्रह कशाला? परंतु ज्यानें पोटाला चिमटा घेऊन पेटी घेतली त्याच्या मनांत साहजिकच येतें कीं, सर्वच जर एक्सबॉक्स असेल तर मीं पैसे कशाचे मोजले? वर्गांतील प्रत्येक मुलाला पहिला क्रमांक दिला तर ज्यानें रात्री जागून अभ्यास केला त्यास काय वाटेल, तसेंच हें आहे.

तर मग ही पेटी बंद पडणार काय? त्या विद्यार्थ्यास मीं जें सांगितलें तें येथें थोडक्यांत देतों. मायक्रोसॉफ्ट ही सेगाप्रमाणें निर्धन झालेली कंपनी नव्हे. नव्या पेटीसाठीं एएमडी ह्या चिप बनविणाऱ्या कंपनीशीं करार केल्याचें तिनें जून २०२५ मध्यें सांगितलें आहे, आणि त्याच वर्षीं आसुस कंपनीनें बनविलेलें एक हातांत धरावयाचें यंत्रही एक्सबॉक्सचें नांव घेऊन बाजारांत आलें. तेव्हां नांव राहील असें मानावयास जागा आहे. तें स्वतःच्या पेटीवर राहील, कीं सेगाप्रमाणें भाड्याच्या घरांत, कीं अटारीप्रमाणें पाटीपुरतें, हें कारागीर टिकतात कीं नाहीं ह्यावर ठरेल. जुने खेळ नव्या पेटीवर चालावे म्हणून ह्या कंपनीनें २०१५ पासून बरेच परिश्रम घेतले, हा गुण तिच्या खातीं मांडलाच पाहिजे. २९ जुलै २०२४ रोजीं एक्सबॉक्स ३६० चें ऑनलाइन दुकान बंद झालें, तरी आधीं घेतलेले खेळ पुन्हां उतरवून घेण्याची मुभा तिनें ठेविली.

परंतु पालकांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, आज तबकडीवांचून घेतलेला खेळ म्हणजे बहुधा खेळण्याचा परवाना असतो; तो कपाटांत ठेवतां येत नाहीं व धाकट्या भावास देतां येत नाहीं. यंत्राच्या किंमतीबरोबर वर्गणीचाही हिशेब मांडावा, आणि ती वाढूं शकते हें गृहीत धरावें. जो खेळ खेळावयाचा आहे तो दुसऱ्या कोणत्या यंत्रावर मिळतो हें आधीं पाहावें. आणि पुढें कांहीं तरी मिळेल ह्या आशेवर आज पैसे टाकूं नयेत. आज जें आहे तेवढ्यानेंच समाधान होत असेल तर खुशाल घ्यावें. भारतांत सिरीज एक्स २०२० च्या नोव्हेंबरांत आली ती ४९,९९० रुपयांस. कित्येक घरांत ही रक्कम दोनतीन महिन्यांची कमाई असते. एवढी रक्कम देणाऱ्यानें नांवाकडे संशयानें पाहिलें तर तो त्याचा हक्कच आहे.

ह्या कथेंत ज्यांचीं नांवें कोठेंच छापलीं जात नाहींत अशा लोकांचाही विचार झाला पाहिजे. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यांत परदेशी खेळ तपासून त्यांतील दोष काढून देण्याचें काम करीत असे. ज्या खेळावर त्याची तुकडी दीड वर्ष खपली तो मध्येंच रद्द झाला, आणि साऱ्या तुकडीस एकाच दिवशीं घरीं बसावें लागलें. कांहीं महिन्यांनीं तो शाळेंत भेटावयास आला. त्याच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. तो एवढेंच म्हणाला, “सर, खेळणाऱ्याला दुसरा खेळ मिळतो. आम्ही जो केला तो कोणी पाहिलाच नाहीं.” रॉबिनेटची ती गुप्त खोली मला त्या वेळीं पुन्हां आठवली. त्याचें नांव निदान कोणाला तरी सांपडलें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें अशी यंत्रें रचतील, कोणी खेळ लिहितील, कोणी मोठमोठ्या कंपन्यांत अधिकाराच्या जागीं बसतील. तुमच्या हातीं एखादें नांव येईल. तें तुम्हीं निर्माण केलेलें नसेल, मागच्या पिढीनें कष्टानें कमावून तुमच्या स्वाधीन केलेलें असेल. त्या वेळीं जाहिरात कशी करावी हें सांगणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही मात्र तीन माणसांस विचारा: ज्यानें आपला माल घेतला त्याला, ज्यानें तो बनविला त्याला, आणि ज्यानें तो दुकानांत मांडला त्याला. आपला शब्द खरा ठरला असें ह्या तिघांनीं म्हटलें, तर एखादें यंत्र फसलें म्हणून भिण्याचें कारण नाहीं. दुसरें करतां येईल. निन्टेंडोला तें करतां आलें. एक्सबॉक्सला येईल कीं नाहीं हें पुढील पांचसात वर्षांत तुमच्या डोळ्यांदेखत ठरणार आहे. तो निकाल लागेल तेव्हां कोणाच्या पेट्या किती खपल्या एवढेंच पाहून थांबूं नका. कोणीं कोणाला काय शब्द दिला होता, आणि त्याचें पुढें काय झालें, हेंही शोधून काढा.